बैलाच्या कष्टाचं नाही : ऋषीच्या भाजीची गोष्ट

(दृश्य – सकाळ. घरामागचं परडं. मघाची सर नुकतीच थांबलेली.)

भाद्रपद शुद्ध पंचमी, म्हणजे ऋषिपंचमी. २८ ऑगस्ट २०२५. राजापूर तालुक्यातली एक वाडी.

काल घरोघरी गणपती बसले, मोदक झाले. मोदकांना कॅमेऱ्यांची कधीच वाण नव्हती. आपण आलोय दुसऱ्या दिवशी शिजणाऱ्या भाजीसाठी. हिला फोडणी नाही, तेल नाही, हळद नाही, गूळ नाही. नावही घरागणिक बदलतं. कुणी ऋषीची भाजी म्हणतं, कुणी पंचमीची, कुणी नुसतं कंदमूळ. पण आवडता सण कुठला आणि त्या दिवशीचं आवडतं काय, असं कोकणात विचारून बघा. पुरणपोळीला मागे सारून हिचं नाव घेणारी माणसं पुष्कळ भेटतील.

नियम एकच. आज बैलाच्या कष्टाचं खायचं नाही.

(दृश्य – आजी कोयती घेऊन मांडवाखाली. शिराळी, पडवळं लोंबताहेत.)

म्हणजे ज्या जमिनीत नांगर फिरला, तिथलं काही नाही. भात नाही, डाळ नाही, गहू तर नाहीच. मग उरतं काय? उरतं हे परडं. कुदळीनं खणलेले चार वाफे, मेसकाठीचा मांडव, न्हाणीच्या पाण्यावर पोसलेलं अळू आणि गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, आपसूक चढलेला भोपळा.

मृगात लावलेला वेल चतुर्थीला बरोबर हाताशी येतो. शिराळी, पडवळ, घोसाळी, तवशी, भेंडी, लाल माठ, चवळीच्या शेंगा, कोपऱ्यात चारदोन ताटं मका. एरवी या सगळ्यांच्या वेगवेगळ्या भाज्या होतात. आज सगळ्या एका टोपात.

आजी पडवळ तोडताना एकाला हात लावत नाहीत. त्याच्या टोकाला सुतळीनं दगड बांधलाय, सरळ वाढावं म्हणून. शेजारच्या शिराळ्याला सुतळीच बांधलीय, नुसती खूण.

आजी : "ते बियाचं. त्याला कुणी हात लावायचा नाही. पोरं विचारत नाहीत, तोडून मोकळी होतात, म्हणून बांधून ठेवलंय."

बियाचं शिराळं वेलीवरच वाळू द्यायचं. आत बिया खुळखुळायला लागल्या की काढायचं आणि चुलीच्या वर, धुराच्या वाटेत टांगायचं. भेंडीचं, माठाचं बी राखेत घोळवून बाटलीत. या घरात बियाण्याचं पाकीट विकत आणलेलं नाही असं नाही, मिरचीचं आणलंय. पण पडवळ, शिराळं आणि भेंडी सासूकडून सुनेकडे आलेली आहेत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली ती अशाच कामासाठी, गावठी बियाणं घरात जपल्याबद्दल. कोकणातल्या परड्यांत हे काम चालू आहेच, कुणी मोजायला गेलेलं नाही इतकंच.

(दृश्य – अळूचं बन. कोयतीचा घाव. देठातून गळणारं पाणी.)

आता अळू. याच्याशिवाय बाकी वीस भाज्या घातल्या तरी ती ऋषीची भाजी नव्हे. हिरवट देठाचं ते भाजीचं अळू. वडीचं वेगळं, ते आज घेत नाहीत. पावसाच्या सुरुवातीला दरडीवर उगवतं ते तेरं. आणि झाडाच्या खोडावर, शेवाळात मूळ धरून वाढतं ते रुखाळू. वाडीतल्या एका जुन्या आंब्यावर ते आहे. आजींचा पुतण्या शिडी लावून चढला आणि हातभर जुडी घेऊन उतरला. या रुखाळूला नांगर सोडाच, जमीनही लागत नाही. नियमाच्या कसोटीला याहून खरं उतरणारं दुसरं काही सापडणं कठीण.

(दृश्य – मागील दार. विळीवर बसलेल्या तिघी. देठ सोलण्याचं जवळून चित्रण.)

देठ सोलायची पद्धत बघा. टोकाला नख लावून साल धरायची आणि खाली ओढायची. ती पातळ पापुद्र्यासारखी, दोऱ्यासारखी सुटत येते, एका ओढीत पार बुडापर्यंत. मध्ये तुटली की पुन्हा नख. सुनेच्या हातात ती तीनदा तुटते, आजींच्या हातात एकदाही नाही. हाताला आधी आमसुलाचं पाणी चोळलेलं, नाहीतर संध्याकाळपर्यंत खाज. अळूत आणि सुरणात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते कातडीला आणि घशाला टोचतात. भाजीत भरपूर चिंच पडते ती त्यासाठीच. चव हा नंतरचा फायदा.

सून : "आई, सुरण केवढा चिरू?"
आजी : "बोटाच्या पेराएवढा. बारीक केलास तर विरघळेल गो, मग कशात काय ते कळायचं नाही."

मक्याच्या कणसाचे दोन-दोन बोटांचे तुकडे. कच्ची केळी सालासकट. लाल भोपळा मोठा. भेंडी फक्त शेंडाबुडखा काढून, अख्खी. अर्ध्या तासात मागच्या पडवीत परातींची रांग लागते. हिरवा, तांबडा, पिवळा, जांभळा. इथे निवेदकानं गप्प बसावं हे उत्तम.

(दृश्य – परातींवरून सावकाश सरकणारा कॅमेरा. फक्त विळीचे आवाज.)

आता या भाजीत जे नाही, त्याकडे या. आम्हाला आधी वाटलं, उपवासाचा साधेपणा असेल. पण एकेक जिन्नस धरून विचार केला तर प्रत्येकामागे बैल उभा आहे. तेल का नाही? तीळ, भुईमूग नांगरटीच्या शेतातला, आणि घाण्याला फिरणाराही बैलच. गूळ का नाही? उसाच्या शेताला बैल, गुऱ्हाळाच्या चरकाला बैल. मोहरी, जिरं, हळद, धणे, सगळं शेतातलं आणि बैलगाडीनं बाजारात आलेलं. कांदा-लसूण घाटावरचा. ही पाककृती कुणी चवीनं रचलेली नाही. एकेक वस्तू वजा करत गेल्यावर जे उरलं, त्याची ही भाजी झाली. उरलं काय, तर परड्यातली हिरवी मिरची, चिंच, मीठ आणि माडावरचा नारळ. एवढ्यावर जी चव येते, ती मसाल्याच्या डब्यासमोर बसून येत नाही, हे आमचं मत. ज्यांना पटत नाही त्यांनी एकदा करून बघावी.

(दृश्य – देव्हारा. पाटावर तांदळाऐवजी पानावर मांडलेल्या सुपाऱ्या. पोथी.)

पूजा सप्तर्षींची. कश्यप, अत्री, भरद्वाज, विश्वामित्र, गौतम, जमदग्नी, वसिष्ठ, आणि सोबत अरुंधती. सात अधिक एक अशा आठ सुपाऱ्या. सकाळी आघाड्याच्या काडीनं दात घासून आंघोळ झालेली. मग कहाणी.

आटपाट नगरातला ब्राह्मण पुढल्या जन्मी बैल झाला, त्याची बायको कुत्री झाली, आणि दोघं आपल्याच मुलाच्या दारात येऊन राहिली. श्राद्धाचा दिवस. खिरीच्या भांड्यात सापानं गरळ टाकलं. कुत्रीनं ते पाहिलं. ब्राह्मण मरतील म्हणून तिनं पुढे होऊन भांड्याला तोंड लावलं. सुनेला काय ठाऊक! तिनं जळतं कोलीत घेऊन कुत्रीच्या कंबरेत घातलं. रात्री कुत्री गोठ्यात बैलाकडे रडत गेली. बैल म्हणाला, मी दिवसभर नांगर ओढला, माझ्या तोंडाला मुसकं होतं, मीही उपाशीच आहे. मुलानं हे ऐकलं. तो रानात ऋषींकडे गेला, आणि ऋषींनी त्याला हे व्रत सांगितलं, बैलाच्या कष्टाचं न खाण्याचं.

दिवसभर राबून उपाशी राहिलेला बैल आपला बापच आहे, असं सांगणारी ही कहाणी. बैलाची पूजा करणारे सण आपल्याकडे आहेत, पोळा आहे, बेंदूर आहे. पण त्याच्या कामाचं फळ एक दिवस ताटात न घेण्याची कल्पना आणखी कुठल्या सणात आम्हाला दिसली नाही.

कहाणीत कुत्री झालेल्या त्या बाईचा दोष म्हणून जो सांगितलाय तो पाळीतल्या शिवाशिवीचा आहे, आणि व्रत बायकांच्या माथी आलं ते त्यामुळेच. या घरातल्या सुनेनं तो भाग वाचायचं केव्हाच सोडलंय. भाजी सोडलेली नाही.

(दृश्य – चूल. पितळी टोप, बाहेरून मातीचा लेप.)

टोपात आधी थोडं पाणी आणि तळाशी सुरण, मक्याचे तुकडे, कच्ची केळी. ही शिजायला जड. झाकणावर पाणी. दहा-पंधरा मिनिटांनी अळूचे आणि माठाचे देठ, चवळीच्या शेंगा. मग भोपळा. मग पडवळ, शिराळं, ज्यांना स्वतःचंच इतकं पाणी सुटतं की वरून घालावं लागत नाही. भेंडी त्यानंतर, आणि चिंचेचा कोळ पडल्याशिवाय तिला ढवळायचं नाही, नाहीतर तार सुटते. पानं सगळ्यात शेवटी. चिरलेल्या पानांचा ढीग टोपाच्या वर हातभर उभा राहतो, झाकण बसत नाही, आजी ते नुसतं वर टेकवून ठेवतात. पाच मिनिटांत झाकण आपोआप खाली बसतं.

मिरच्या मोडून. मीठ बेतानं, कारण आता दिसतंय त्याच्या निम्मी भाजी उरणार. उतरवताना वाटीभर ओलं खोबरं. काही घरांत वरून लोण्याचा गोळा घालतात, काही घरांत आज दूधदुभतंही वर्ज्य. या घरात लोणी नाही. आजींच्या माहेरी होतं, असं त्यांनी दोनदा सांगितलं, सुनेला ऐकू जाईल असं.

गोव्यात चवथीला होणारं खतखतं हिच्या नात्यातलंच, पण त्यात तूरडाळ असते, नारळाचं वाटण असतं, तिरफळं असतात. ते सणाचं श्रीमंत रूप. भोगीची लेकुरवाळी भाजी तर पार दुसऱ्या टोकाला, शेतातला हरभरा, तीळ आणि बाजरीची भाकरी घेऊन येणारी.

(दृश्य – पंगत. केळीची पानं. भाजीचा डाव.)

सोबत वरीचा भात. पूर्वी काही ठिकाणी देवभात असायचं, तळ्याच्या कडेला, दलदलीत न पेरता उगवणारं. त्याचे दाणे पिकले की गळून पडतात, म्हणून गोळा करायची चिकाटी लागते. आज पानात वरी आहे, दुकानातली.

पंगतीत एक वाद रंगला, तो आम्ही जसाच्या तसा ठेवलाय.

पुतण्या : "काकी, यंदा शेत पॉवर टिलरनं नांगरलं. बैल कुठे होता त्यात? मग आपला भात आज चालायला हवा."
आजी : "खत काय घातलंस?"
पुतण्या : "युरिया."
आजी : "मग तर नकोच तो. वाढ गो त्याला भाजी."

वाडीत पूर्वी घरटी जोडी होती. आता गोठ्यात मोटरसायकली लागतात. वानरांच्या त्रासानं निम्म्या घरांनी मांडव घालणं सोडलंय, आणि तरुण मंडळी चतुर्थीपुरती येतात.

(दृश्य – मुंबईचा भाजीबाजार. ऋषीच्या भाजीचे तयार वाटे.)

तीच मंडळी मुंबईत असतात तेव्हा काय करतात? वाटे घेतात. पंचमीच्या आदल्या दिवशी मराठी वस्तीच्या बाजारात हे वाटे मांडलेले असतात. अळूचे दोन देठ, माठाची काडी, पाव कणीस, भोपळ्याची फाक, भेंड्या, सुरणाचा तुकडा. यातलं किती नांगराशिवाय पिकलं, हे विचारण्यात अर्थ नाही. एकीनं विचारलं, तर भाजीवाली म्हणाली, "ताई, बैलाचं नाही, टेम्पोचं आहे."

तरी वाटे संपतात. दुपारनंतर गेलात तर नुसता माठ मिळतो.

(दृश्य – पुन्हा वाडी. दीड दिवसाच्या गणपतींची तयारी. ढोलकी.)

दीड दिवसाचे गणपती आजच जातात. ज्यांच्याकडे विसर्जन आहे त्या घरांत भाजी दुपारीच संपवावी लागते. पाच दिवसांचा गणपती असलेल्यांचं बरं आहे. उद्याला ती मुरते आणि चिंच आत उतरते. आजींच्या घरी गौरीबरोबर जाणारा गणपती आहे, त्यामुळे टोप मोठा होता. शेजारच्या तीन घरांत डबे गेले, तिथून तीन डबे आले. प्रत्येकाची चव वेगळी लागली. एकीची तर इतकी आंबट की आजींनी नाव न घेता डोळे मिटले.

रविवारी गौरी येणार. त्या दिवशीच्या नैवेद्याला भाकरी आणि पालेभाजी लागते, त्यासाठी लाल माठाचा एक वाफा राखून ठेवलाय. त्याच्या दोन्ही टोकांना काठ्या रोवून आजींनी जुनी साडी बांधलीय, वानरांसाठी आणि पोरांसाठीही.