दुधाच्या खाड्याची चौकट

नमस्कार श्रोतेहो.

तुमच्या घरी दुधाचा हिशेब कुठं लिहितात? आमच्या लातूरच्या घरात भिंतीवरच्या कॅलेंडरवर. गवळी आला नाही की त्या तारखेच्या चौकटीत 'खाडा', पाहुणे आले तर 'अर्धा लिटर जादा', सिलिंडर कधी लावलं तेही तिथंच. मधली काही वर्षं माझ्या हातून घडलेलं सगळं लेखन एवढंच.

त्याआधी मी रोज डायरी लिहायची. शेवटची नोंद एप्रिल २०१६ ची. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तो महिना. साऱ्या देशाला ती गाडी दिसली. आमच्या गल्लीला मात्र टँकरचीच वाट. मध्यरात्री हॉर्न वाजला की घागरी घेऊन पळायचं आणि दुपारी भिंतीला टेकून डुलक्या काढायच्या. लिहिणार कधी? पण त्याच वर्षी पुढं पाऊस चांगला झाला, नळ आले, आणि तरी मी डायरी उघडली नाही. पाण्याचं निमित्त किती दिवस पुरवायचं? खरं म्हणजे मधली कोरी पानं बघवत नव्हती. मग दर पाडव्याला नवी वही आणायची, वर 'श्री' काढायचा, तारीख घालायची, आणि पुढच्या पानापासून किराणा. अशा चार वह्या निघाल्या परवा माळ्यावर.

गेल्या मे महिन्यात एका सकाळी खाडा मांडायला गेले आणि चौकटीत लिहिलं गेलं:

दूध नाही
टँकर नाही
रात्रभर टिटवी

टिटवीचा दुधाच्या हिशेबाशी काय संबंध? पण खोडवेना. दोन दिवसांनी लक्षात आलं, अरे, हे तर हायकूच्या जवळ गेलं!

शिरीष पै यांनी हायकू मराठीत आणला. तीन ओळींची ही जपानी कविता. तिकडं अक्षरांचं माप पाच-सात-पाच; मराठीत सगळेच ते पाळतात असं नाही. मी पाळते. बोटं मोजत बसायला मला आवडतं, भाजी निवडताना तेवढाच चाळा. आणि लहान कवितेचं आपल्याला नवल कसलं? आपल्याच मराठवाड्यातल्या पैठणच्या सातवाहनांच्या काळात हाल राजानं माहाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथा गोळा केल्या, असं परंपरा सांगते. एकेक गाथा दोन ओळींची, आणि त्यात शेत, नदी, सासर, सगळं.

जपानी हायकूत ऋतू सांगणारा एक शब्द लागतो. त्याला 'किगो' म्हणतात. तिथं अशा शब्दांचे कोशच आहेत. मी कॅलेंडरपाशी उभी राहून आपले शब्द जुळवायला लागले. चेरीचा बहर आपल्याकडं कुठून येणार? आपल्याकडं सोयाबीनची रास आहे, येळवशीची, म्हणजे वेळ अमावास्येची आंबील आहे, वाळत घातलेल्या कुरडया आहेत. आणि उन्हाळ्याचा आपला शब्द? मला विचाराल तर गुलमोहर नव्हे.

टँकर आला
घागरींच्या रांगेत
पेंगते पोर

ही चौकट लिहिली तेव्हा २०१६ ची राहिलेली एक रात्र लिहून झाल्यासारखं वाटलं. मग हिवाळ्यात शेतावर हुरड्याला गेलो. आगटीतून काढलेलं गरम कणीस तळहातावर चोळायचं, फुंकर मारायची, मीठ-तिखटाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचं. घरी येऊन दोनदा साबणानं हात धुतले, तरीही:

आगटी विझे
तळव्याला अजून
ज्वारीचा वास

मात्सुओ बाशोचा १६८६ सालचा बेडूक जगप्रसिद्ध आहे. जुनं तळं, बेडकाची उडी, पाण्याचा आवाज, बस्स. पण बेडूक आपल्याही पंचांगात बसलाय की! पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन असतं: म्हैस, कोल्हा, मोर, गाढव. बेडूक वाहन निघालं की जाणती माणसं म्हणतात, यंदा पडणार. ते दरवेळी खरं होतं का, हे शेतकऱ्यालाच विचारा.

मृग कोरडा
पंचांगात बेडूक
गप्प बसला

तर असं चाललं होतं, आणि महिनाअखेर घोटाळा झाला. दुधाचं बिल सूनबाई करते. तिनं भरलेल्या चौकटी मोजल्या आणि नऊ खाड्यांचे पैसे कापले. गवळीमामा दारातच अडून बसले. "मावशी, नऊ खाडे? म्या तर चारच दिवस चुकलो!" मग कॅलेंडर खाली काढलं. राहिलेल्या पाच चौकटींत काय आहे ते मला वाचून दाखवावं लागलं. आयुष्यातलं माझं पहिलं काव्यवाचन उंबऱ्यावर, दुधाच्या कॅनसमोर झालं. मामा मान हलवत ऐकत होते. शेवटचा म्हशीचा होता, त्यांच्या धंद्यातला, म्हणून मी जरा ऐटीतच वाचला:

डोहात म्हैस
पाठीवर बगळा
कोरडा उभा

"कोरडा कसा?" मामा म्हणाले. "म्हैस पाण्यात बसली की पाठ भिजतीच. पाय वले होतेत त्याचे."

चार खाड्यांवर हिशेब मिटला. 'कोरडा'वर मी काट मारली आहे. तीन अक्षरांचा दुसरा शब्द अजून सापडलेला नाही, आणि उद्या सकाळी सहाला मामा विचारणार आहेत.

नमस्कार.