मागणाऱ्या माइकचा हिशेब

अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरची मान्यवर मंडळी आणि एवढ्या उकाड्यात पंख्याखालची जागा पकडून बसलेले सगळे भाऊ-बहिणी. निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय छापलाय, ‘सार्वजनिक आवाज : मुलांचं वाचन, दान आणि उत्तरदायित्व’. एका संध्याकाळी तीन विषय. आयोजकांनी दोन वक्त्यांचं मानधन वाचवलं, एवढं माझ्या लक्षात आलंय.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला मास्तर. आवाज बरा म्हणून सूत्रसंचालनही करत आलो. रक्तदान शिबिर, सप्ताह, पतपेढीची सभा, कुणाचं रिसेप्शन. आपल्याकडे ज्याचा आवाज बरा, त्याला रविवारी घरी जेवण मिळत नाही. तर इतकी वर्षं माइकच्या मागे उभं राहून माझ्या डोक्यात एक खूळ बसलंय. घरचे ते ऐकून कंटाळलेत, म्हणून तुमच्यासमोर आणलं. ज्या माइकवरून मागितलं, त्याच माइकवरून हिशेब दिला पाहिजे. त्याच गावात, त्याच लोकांपुढे, तेवढ्याच खणखणीत आवाजात. पण हे खूळ कुठून आलं ते आधी सांगतो.

पांझरेच्या काठचं एक गाव. चौथीपर्यंतची शाळा. शहरातली एक संस्था तिथे ग्रंथदान करणार होती. संस्थेचं नाव सांगत नाही. माणसं हयात आहेत आणि भरीत चांगलं खिलवतात. मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. शाळेच्या फाटकावर बॅनर, शाळेच्या पाटीच्या दुप्पट. त्यावर हात जोडलेले एकोणीस चेहरे, मी मोजले, आणि एकही पोर नाही. मुलं सकाळी आठपासून रांगेत. पाहुणे साडेअकराला आले, कारण वाटेत एका पेट्रोलपंपाचं उद्घाटन उरकायचं होतं. मुलांना टोप्या वाटल्या, संस्थेच्या नावाच्या. टोप्या मोठ्यांच्या मापाच्या, त्यामुळे पहिलीतल्या पोरांना पाहुणे दिसेनात. त्यात त्यांचं फार नुकसान झालं नाही.

मग खोकी फोडली. मी जवळच होतो. वर रंगीत गोष्टींची पुस्तकं, चांगली होती, खोटं कशाला बोलू. पण ती वरच्या थरापुरती. खाली बँक परीक्षेचे गाईड. तलाठी भरतीचे जुने प्रश्नसंच. कुठल्या तरी वर्षाची आयकराची मार्गदर्शिका. वास्तुशास्त्र, म्हणजे शाळेचं दार कुठल्या दिशेला हवं ते पोरांना कळावं म्हणून असेल. खतकंपनीच्या डायऱ्या, अर्ध्या लिहिलेल्या. आणि एक साखरपुड्याचा अल्बम! तो मी शांतपणे बाजूला ठेवला, कारण त्यातला नवरदेव व्यासपीठावर बसला होता. (हशा) रद्दीचा भाव पडला की ग्रंथदानाला भर येतो, असं माझं अनेक वर्षांचं निरीक्षण आहे. कुणाला याच्यावर पीएच.डी. करायची असेल तर आपलं विद्यापीठ बांभोरीला आहे, जवळच.

पुढे ऐका. रंगीत पुस्तकं थोडी, मुलं फार. तर त्यांनी काय केलं? एका मुलाच्या हातात रंगीत पुस्तक द्यायचं, फोटो काढायचा, पुस्तक काढून घ्यायचं, पुढच्या मुलाच्या हातात द्यायचं. तेच पुस्तक रांगेतून फिरत गेलं. फोटो झालेल्या मुलाला खालच्या थरातलं काहीतरी देऊन बसवायचं. तिसरीतल्या एका मुलीला बँकेचं गाईड मिळालं. तिने ते तिथेच उघडलं. पुढची पानं पाहिली, मागची पाहिली आणि मला विचारलं, ‘‘सर, यामा गोष्ट कोठे शे?’’ मी काही बोलायच्या आत फोटोग्राफर ओरडला, ‘‘ए पोरी, बंद कर पुस्तक, कव्हर दिसू दे!’’

मला तर वाटतं, ग्रंथदानावरचं याहून नेमकं परीक्षण आजवर झालं नसेल.

नंतर मळ्यात भरीत-पुरीचा बेत. वांगी खास बामणोदची, काड्यांवर भाजलेली, वर कांद्याची पात, सोबत ठेचा. भरिताबद्दल माझी तक्रार नाही. पण वांग्यांची निवड ज्या काळजीने झाली होती, त्याच्या निम्म्या काळजीने पुस्तकं निवडली असती, तर हे भाषण तुम्हाला ऐकावं लागलं नसतं.

मुख्याध्यापक बिचारे मळ्यात आलेच नाहीत. ते पुस्तकं मोजत होते. मी परत गेलो तर सगळी पुस्तकं कपाटात आणि कपाटाला कुलूप. म्हटलं, ‘‘गुरुजी, हे काय?’’ म्हणाले, ‘‘जडवस्तू नोंदवहीत चढवलीत. पोरांनी फाडली तर निर्लेखनाचा प्रस्ताव करा, हरवली तर खुलासा द्या. माझं रिटायरमेंट जवळ आलंय.’’ शासकीय कागदावर टेबल, घंटा आणि गोष्टीचं पुस्तक ही एकाच जातीची मंडळी असतील, तर माणूस कुलूप लावणारच. इथे शिक्षण खात्यातलं कुणी बसलं असेल तर त्यांनी एवढं ऐकावं : मुलांनी हाताळून झिजलेलं पुस्तक म्हणजे नुकसान नव्हे, तो त्याचा खर्ची पडण्याचा योग्य मार्ग आहे. खडू संपला म्हणून आपण कधी खुलासा मागतो का?

काही दिवसांनी संस्थेचे अध्यक्ष भेटले. मी सहज विचारलं, ‘‘भाऊसाहेब, त्या कार्यक्रमासाठी वर्गणी जमली होती ना, तिचं काय झालं?’’ त्यांना वाईट वाटलं. खरंच वाईट वाटलं. म्हणाले, ‘‘गुरुजी, पुण्याच्या कामाचा हिशेब विचारत नसतात. तो देवाच्या दारात होतो.’’ म्हटलं, देवाच्या दारात तर होईलच हो, पण वाटेत धर्मादाय आयुक्तांचं दार लागतं.

आता इथे थोडं आडवळण घेतो. खान्देशात भाषण झालं आणि बहिणाबाई आल्या नाहीत, तर वक्त्याला गाडीभाडं देत नाहीत म्हणे. पण माझी बहिणाबाईंविषयी नाही, त्यांचं नाव घेणाऱ्यांविषयी तक्रार आहे. वाचनाबद्दल बोलायला उभं राहिलं की कुणीतरी उठतोच : ‘‘बहिणाबाईंना कुठे लिहिता-वाचता येत होतं?’’ नव्हतं येत. १८८० साली असोद्यात जन्मलेल्या बाईला कोण शाळेत घालणार होतं? पण त्यांची गाणी तुमच्या-माझ्यापर्यंत आली कशी? घरातल्या लिहित्या माणसांनी, त्यांच्या मुलाने म्हणजे सोपानदेवांनी आणि एका आप्ताने, ती कागदावर उतरवून ठेवली म्हणून. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या आणि संग्रह निघाला १९५२ मध्ये. ज्यांच्या घरात लिहिणारं कुणी नव्हतं अशा किती जात्यांवरच्या ओव्या पिठाबरोबर गेल्या, ते कुणाला ठाऊक! तेव्हा निरक्षरतेची वकिली करायला कृपा करून बहिणाबाईंना साक्षीला बोलावू नका.

आणि साने गुरुजी. अमळनेरच्या वसतिगृहात पोरांना वाचायला काय द्यायचं, हा प्रश्न त्यांच्यापुढेही होता. त्यांनी बॅनर लावला नाही. ‘छात्रालय’ नावाचं दैनिक हाताने लिहून काढायला लागले. रोज. पुढे १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ मासिक काढलं. आजच्या आपल्या ग्रंथदान समित्यांतल्या किती जणांनी पोरांसाठी एक पान लिहिलंय? हात वर करू नका, अवघड होईल. त्याच गुरुजींनी पुढे आपला आवाज घेऊन महाराष्ट्र पालथा घातला आणि १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसले. जे लोकांकडे मागितलं, त्यासाठी आधी स्वतःचा जीव टांगणीला लावला. गाडगेबाबांचंही तसंच. कीर्तनात लोकांकडून मागायचं, त्यातून धर्मशाळा उभ्या करायच्या, त्यांच्यावर विश्वस्त नेमायचे आणि घरच्या माणसांना तिथे हक्क ठेवायचा नाही. पंढरपूरची धर्मशाळा तर त्यांनी १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. आपल्याकडे चार खोल्यांची संस्था निघाली तर अध्यक्ष वडील, सचिव मुलगा आणि सून मुख्याध्यापिका. मी कुणाकडे बघत नाहीये, मी घड्याळाकडे बघतोय.

बघा, चिठ्ठी आलीच. ‘दहा मिनिटे’. खाली दोन रेघा मारल्यात. म्हणजे ज्याच्यासाठी बोलावलं ते आता गाडी पकडल्यासारखं सांगावं लागणार.

तर मुलांचं वाचन. ‘असर’ची पाहणी तुम्हाला माहीत असेल. गावात घरोघर जाऊन पोरासमोर एक कागद धरतात : अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. २०२२ मध्ये ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी होती सुमारे ४३ टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त पोरं पाचवीत बसून दुसरीची गोष्ट वाचू शकत नव्हती. आपल्या नंदुरबारची साक्षरता २०११ च्या जनगणनेत ६४ टक्क्यांच्या आसपास, राज्याची ८२. आणि याला पोरं मठ्ठ हे कारण नाही. अक्राणीच्या पाड्यावरचं पोर घरी पावरी बोलतं, साक्रीकडचं अहिराणी, अक्कलकुव्याकडचं भिली. पहिल्या दिवशी पुस्तक त्याच्याशी पुण्याच्या मराठीत बोलतं. अशा मुलांना आधी गोष्ट ऐकावी लागते, आपल्या बोलीत, मोठ्याने, आपल्या माणसाच्या तोंडून. मग तीच गोष्ट कागदावर भेटली की ओळखीची वाटते. इथे आवाज लागतो! आपल्या अहिराणी गाण्यांना मोबाइलवर कोटींच्या घरात लोक बघतात. ती गाणारी पोरं-पोरी आपल्याच गावची. त्यांनी महिन्याला एक गोष्ट अहिराणीत वाचून टाकावी. कीर्तनकारांनी सप्ताहात पोरांसाठी एक सकाळ द्यावी. याला निधी लागत नाही, त्यामुळे हे कुणी करत नाही.

दान. अमळनेरात १९४५ साली वनस्पती तुपाची एक कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली. अमळनेरच्या कित्येक घरांनी तिचे शेअर घेऊन जपून ठेवले, ती कथा सगळ्यांना पाठ आहे, श्रीमंतीची कथा म्हणून. मला तिच्यातली वेगळी बाजू आवडते. एक शेअर घेतलेल्या माणसालाही कंपनी दरवर्षी अहवाल पाठवते, तो सभेला जाऊन प्रश्न विचारू शकतो. आणि गावातल्या शाळेसाठी पाच हजार देणाऱ्याला काय मिळतं? शाल, श्रीफळ आणि फोटोत मागच्या रांगेत अर्धं डोकं. नफ्यासाठी पैसे टाकले तर हिशेब मागणं हा हक्क, पुण्यासाठी टाकले तर तोच आगाऊपणा, हे कुठलं शास्त्र? कायदा तसं म्हणत नाही. १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा आहे. नोंदलेल्या संस्थेला दरवर्षी हिशेब तपासून धर्मादाय कार्यालयात द्यावे लागतात, आणि अर्ज करून ते पाहता येतात. नोंदणी नसलेल्यांनी वर्गणी काढायची तर परवानगी लागते, गणेश मंडळांना हे तोंडपाठ आहे. आयकरात देणगीवरची सवलत हवी असेल तर दोन हजारांच्या वर रोख दिलेली रक्कम धरत नाहीत. म्हणजे जो म्हणतो ‘‘रोखच द्या, पावती नंतर पाहू,’’ त्याच्यासमोर खिशातला हात खिशातच राहू द्या.

उत्तरदायित्व, घाईत. आम्ही आवाजवाले म्हणतो, ‘‘माझं काम फक्त बोलायचं, पैशाशी माझा संबंध नाही.’’ संबंध आहे! लोकांनी पाकीट काढलं ते संस्थेच्या घटनेकडे बघून काढलं नाही, तुमच्या आवाजावर काढलं. निवेदक असो, कीर्तनकार असो, आमदार असो, आवाहन करण्याआधी त्याने विचारावं की पैसा कुणाच्या खात्यात जाणार, पुस्तकं कोण निवडणार आणि वर्षाने मला पुन्हा इथे हिशेब सांगायला बोलावणार का. तिसऱ्या प्रश्नाला जो चाचरतो, त्याला नम्रपणे नाही म्हणावं. हिशेबात किती पुस्तकं वाटली हे नकोच, रद्दीही मोजता येते. देवघेवीच्या वहीत किती पोरांनी पुस्तक घरी नेलं, ते वाचून दाखवा. पोरांचे फोटो आईबापाला विचारल्याशिवाय लावू नका. ‘गरीब गरजू’ अशी पाटी गळ्यात घालून तर नकोच, ते पोर उद्या मोठं होऊन तोच फोटो बघणार आहे.

दुसरी चिठ्ठी. उठतोच. फक्त एक. दाराशी शाळा-वाचनालयासाठी पेटी ठेवलीय, आणि मघाशी सूत्रसंचालकांनी माझं नाव घेऊन तिच्यात टाकायचं आवाहन केलं. मला न विचारता, पण असू दे. कोषाध्यक्ष कोण आहेत? उभे राहा, भाऊ. लाजू नका. यांना नीट पाहून ठेवा. पेटी आज सगळ्यांसमोर उघडायची, रक्कम याच माइकवरून सांगायची, आणि पुढच्या वर्षी पहिल्या दिवशी, वक्त्याच्या आधी, पाच मिनिटं यांची. देवघेवीची वही सोबत आणायची. कबूल? मान हलवून चालणार नाही, माइक घ्या हातात. मग आभारप्रदर्शन.