रोबो घेण्याआधी वाकवलेला पत्रा मोजा

नमस्कार श्रोतेहो. भोसरी असो, सातपूर असो की शिरोली, दहा-पंधरा माणसांचा फॅब्रिकेशनचा शेड चालवणाऱ्यांचं एक दुखणं सारखंच असतं: चांगला वेल्डर टिकत नाही. मग वेल्डिंगचा रोबो घ्यावा का? याचं उत्तर आधी आपल्याच प्रेस ब्रेकपाशी, म्हणजे पत्रा वाकवायच्या मशीनपाशी, शोधावं लागतं.

रोबो शिकवलेल्या बिंदूंवरून टॉर्च, म्हणजे वेल्डिंगची बंदूक, नेतो. सांधा तिथेच असणार, हे तो धरूनच चालतो. टॉर्चमधून येणारी वेल्डिंगची वायर १.२ मिलिमीटरची असेल, तर सांधा साधारण तिच्या निम्म्या जाडीइतका, म्हणजे ०.६ मिलिमीटर, इकडेतिकडे झालेला चालतो. त्यापुढे नाही. आता बघा, १०० मिलिमीटरच्या फ्लँजचा, म्हणजे वाकवलेल्या पट्टीचा, कोन वाकवताना एका अंशाने चुकला, तरी तिची कड पावणेदोन मिलिमीटर सरकते. हाताने काम करणारा वेल्डर ते बघतो, टॉर्च थोडी तिरकी धरतो, गॅप भरून काढतो. रोबो मात्र सांध्याशेजारच्या पत्र्यावर देखणा रन, म्हणजे वेल्डिंगची रेघ, मारून मोकळा! सांधा शोधणारे सेन्सर मिळतात, पण त्यांनी खर्च वाढतो, प्रत्येक जॉबला लागणारा वेळही वाढतो, आणि सांधा सापडला म्हणून गॅप काही बुजत नाही. कटिंग आणि बेंडिंग ताळ्यावर आणायचं नसेल, तर रोबोचा विचार सोडून द्या, असं मी स्पष्टच सांगेन.

ते जमलं असेल, तर वेळेचा हिशेब मांडू. समजा एका ब्रॅकेटवर ५० मिलिमीटरचे आठ रन आहेत, एकूण ४०० मिलिमीटर. सेकंदाला ८ मिलिमीटर वेगाने ५० सेकंद आर्क, म्हणजे प्रत्यक्ष वेल्डिंग, चालेल. एका रनवरून दुसऱ्यावर जायला सगळे मिळून वीसेक सेकंद धरा. झाले ७०. जॉब काढून नवा क्लॅम्प करायला ५० सेकंद. एकच टेबल असेल तर एका नगाला दोन मिनिटं; सात तासांत २१० नग. टेबलं दोन ठेवली, एकावर वेल्डिंग चालू असताना दुसऱ्यावर माणूस जॉब लावतोय, तर टेबल बदलायचे पाच सेकंद धरून तेच काम ७५ सेकंदांवर येतं आणि नग होतात ३३६. तोच रोबो, फरक फक्त टेबलाचा. पण ऑर्डर दिवसाला ८० नगांचीच असेल, तर दोन्ही आकडे कागदावरच राहतात. अशा वेळी एका कुळातले तीन-चार जॉब शोधा आणि त्यांची फिक्श्चर, म्हणजे जॉब पकडून ठेवणारे साचे, डॉवेल पिनवर (जागा पक्की करणाऱ्या खुंट्यांवर) बसवा. पिन नसतील, तर फिक्श्चर बदललं की बिंदू पुन्हा शिकवत बसावं लागतं.

कोबोट, म्हणजे माणसाशेजारी काम करणारा रोबो, असला की कुंपण नको, असं विकणारे सर्रास सांगतात. हात अंगाला लागून थांबेलही. टॉर्चच्या टोकाची तापलेली वायर थांबत नाही, आणि आर्कच्या उजेडाला पडदा लागतोच.

बिघाड बहुधा किरकोळ वस्तूंपासून सुरू होतो. काँटॅक्ट टिपचं, म्हणजे वायर जिच्यातून बाहेर येते त्या टोकाचं, भोक झिजून लांबट झालं की वायर भरकटते, म्हणून टिप नग मोजून बदला. टॉर्च कुठे धडकली, तिची मान जराशी वाकली, की सगळे प्रोग्रॅम एकदम सरकतात. टेबलावर एक टोकदार पिन कायमची बसवा आणि रोज सकाळी वायरचं टोक तिच्यावर येतं का, ते पाहा. बऱ्याच रोबोंत एन्कोडरसाठी, म्हणजे सांध्यांची स्थिती मोजणाऱ्या भागासाठी, बॅटरी असते. ती संपू दिली तर रोबो आपली शून्य स्थिती विसरतो. जवळचा पंखा शील्डिंग गॅस, म्हणजे वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवणारा गॅस, उडवतो आणि रनमध्ये छिद्रं पडतात, तेव्हा दोष प्रोग्रॅमला देऊ नका.

प्रोग्रॅमिंग आपल्या जुन्या वेल्डरलाच शिकवा. टॉर्चचा कोन आणि वितळलेला धातू त्याला कळतो, बटणं महिन्याभरात कळतील. शिकवा मात्र दोघांना, कारण एकाला शेजारचा शेड पळवणारच.

आणि ॲडव्हान्स देण्याआधी विक्रेत्याकडे तीस नग पाठवा. निवडून नव्हे, रोजच्या लॉटमधून हाताला येतील ते. वेल्डिंग झालेल्यांपैकी चार-पाच आडवे कापा, पॉलिश करून ॲसिड लावा आणि वेल्ड मुळापर्यंत शिरलाय का, ते स्वतः बघा.