तांब्याचा पाईप आणि कोमट पाणी

घरातली नळजोडणी तांब्याची केली तर पाणी निर्जंतुक राहील का, असा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. आणि रात्री तांब्यात भरलेले पाणी सकाळी पिण्याची सवय असलेल्या आपल्या समाजात तो विचारला जावा, यात नवल नाही. माझे उत्तर मात्र थोडे निराशाजनक आहे.

घरातल्या नळजोडणीत ज्या जीवाणूची खरी चिंता करायची, तो लेजिओनेला. 1976 साली फिलाडेल्फियातील एका हॉटेलात भरलेल्या माजी सैनिकांच्या मेळाव्यानंतर न्यूमोनियाची साथ पसरली, तेव्हा तो प्रथम हुडकून काढला गेला. हा जीवाणू सहसा पाणी प्यायल्याने बाधत नाही. शॉवरच्या किंवा कूलिंग टॉवरच्या (मोठ्या इमारतींच्या वातानुकूलनातले पाणी थंड करणाऱ्या मनोऱ्याच्या) सूक्ष्म तुषारांबरोबर तो थेट फुप्फुसात उतरतो. पाईपच्या आतल्या भिंतीवर जो बुळबुळीत थर साचतो, त्यात अमिबा राहतात, आणि लेजिओनेला त्या अमिबांच्याच पोटात वाढतो. तेथवर क्लोरीन नीट पोहोचत नाही.

हा थर कोणत्या पाईपवर किती जमतो, यात फरक आहेच. नेदरलँड्समधील एका प्रयोगात तांबे, स्टेनलेस स्टील आणि प्लॅस्टिक अशा तीन प्रकारच्या पाईपांमधून कोमट पाणी खेळवले गेले. आरंभी तांब्याच्या पाईपांतील पाण्यात लेजिओनेला कमी आढळला, पण सुमारे दोन वर्षांनी तो फरक उरला नाही. जुन्या जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाईपांतला गंज क्लोरीन खाऊन टाकतो आणि जीवाणूंना लोह पुरवतो. सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे रबर: शॉवरची लवचीक नळी, वॉशर, गास्केट. काही प्रकारच्या रबरातून झिरपणारी सेंद्रिय द्रव्ये जीवाणूंचे खाद्य ठरतात, त्यामुळे सगळा पाईप महागडा घालून शेवटची हातभर नळी स्वस्तातली घेणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही.

तरीही पाईपापेक्षा तापमान अधिक निर्णायक आहे. 20 अंश सेल्सिअसच्या खाली लेजिओनेला जवळजवळ वाढत नाही. 35 अंशांच्या आसपास तो सर्वाधिक फोफावतो. 50 अंशांच्या वर त्याची वाढ थांबते आणि 60 अंशांना तो काही मिनिटांत मरू लागतो. म्हणूनच साठवलेले गरम पाणी 60 अंशांवर ठेवावे, असा संकेत आहे. एवढ्या गरम पाण्याने काही सेकंदांत कातडी भाजते, तेव्हा थंड पाणी नळाशी मिसळावे, टाकीत नव्हे. वीज वाचवण्यासाठी गीझर 40 अंशांवर लावून ठेवणारे लोक बिल कमी करतात खरे, पण जीवाणूला हवे तेच तापमान त्याला दिवसभर मिळवून देतात.

आपल्याकडे पावसाळ्यात गच्चीवरच्या सोलर हीटरची टाकी आठवडाभर नुसतीच कोमट राहते, आणि उन्हाळ्यात थंड पाण्याची टाकीही तितकीच तापते. त्यातच पाहुण्यांच्या न्हाणीघरातला नळ महिनोन् महिने बंद असला, तर तेथील पाईपात पाणी साचून राहते. असा नळ बऱ्याच दिवसांनी उघडताना शॉवर काढून ठेवावा, नळाच्या तोंडावर फडके धरावे आणि काही मिनिटे पाणी वाहू द्यावे.