सेट झालं का?

[दृश्य : स्वयंपाकघराचा ओटा. झाकण ठेवलेलं पातेलं.]

आजीच्या वेळी दही लागायचं. रात्री कोमट दुधाला विरजण लावायचं, पातेलं हलवायचं नाही, की सकाळी दही लागलेलं. आता ते ‘सेट’ होतं. त्याच घरात केस सेट होतात, गजर सेट होतो, फडताळात पाहुण्यांसाठी राखलेला कपबशांचा सेट असतो. आणि नोकरी लागलेल्या भाच्याबद्दल मावशी सांगते, “त्याचं काय बाई, सेट आहे तो!”

इंग्रजांच्या घरी याहून मोठा पसारा. ऑक्सफर्डच्या इंग्रजी महाकोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली आली. तिच्यात सगळ्यात लांब नोंद होती या इवल्या शब्दाची. नुसत्या क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ, आणि ते समजावून सांगायला साठेक हजार शब्द. एक छोटी कादंबरीच म्हणा ना. हा मान पुढे ‘रन’ने पटकावला, ६४५ अर्थांसह. पण आपण सेटपाशीच थांबू, कारण गंमत आकड्यात नाही.

[दृश्य : सोनाराचा हात. चिमट्याने खडा कोंदणात बसतो.]

इंग्रजीत ‘सिट’ म्हणजे बसणे. त्याचं प्रयोजक रूप ‘सेट’, म्हणजे बसवणे. एवढी किल्ली हातात आली की निम्मी कुलुपं उघडतात. सोनार अंगठीत खडा सेट करतो. आपण खडा बसवतो. निखळलेलं हाड डॉक्टर सेट करतात. आपल्याकडे हाडवैद्य ते बसवतो. सूर्यसुद्धा तिकडे ‘सेट’ होतो, म्हणजे जुन्या इंग्रजीच्या हिशेबाने तो आपल्या आसनाकडे जातो. आपला सूर्य मावळतो किंवा बुडतो. बसत मात्र नाही.

आणि आपलं ‘बसणे’ तरी काय कमी आहे? जम बसतो, घडी बसते, धक्का बसतो, विश्वास बसतो, धंदा बसतो. तालमीत नाटक बसतं. पाऊस चार दिवस लांबला की शेतकरी डोक्याला हात लावून बसतो. कोशकारांनी मनावर घेतलं तर ‘बसणे’ला तेवढीच पानं लागतील, असं मला वाटतं.

‘बसणे’ आणि ‘सेट’ यांचं रक्ताचं नातं मात्र नाही. बसणे आलं जुन्या मराठीतल्या ‘बैसणे’वरून, आणि ते संस्कृतातल्या ‘उपविश्’वरून. सेटचा खरा भाऊबंद आहे ‘सद्’ हा धातू. अर्थ तोच, बसणे. एकत्र बसायची जागा ती संसद. गोल करून बसतात ती परिषद. गुरूजवळ बसून ऐकायचं ते उपनिषद. पाणी निवळून गाळ तळाशी बसला की ते प्रसन्न, तेही सद्‌मधूनच.

२ फेब्रुवारी १७८६ला कलकत्त्यात न्यायाधीश विल्यम जोन्स यांनी एशियाटिक सोसायटीपुढे सांगितलं होतं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, आणि ते मूळ कदाचित आता उरलेलं नाही. त्या मुळाच्या दोन फांद्यांना लागलेली पानं म्हणजे आपली संसद आणि त्यांचा सेट.

[दृश्य : फडताळातला कपबशांचा सेट.]

मग हा कपबशांचा सेट? हा बसलेला नव्हे. याचं घराणंच निराळं. लॅटिन ‘सेक्टा’ म्हणजे मागोमाग जाणं, आणि मागोमाग जाणाऱ्यांचा पंथ. तो शब्द फ्रेंचमधून घरंगळत इंग्रजीत पोचला तेव्हा उच्चारही ‘सेट’, स्पेलिंगही तेच. दोन परके एका नावाने एकाच घरात राहू लागले आणि इतके मिसळले, की काही अर्थ नेमका कोणाचा, हे जाणकारांनाही सोडवत नाही. गणितातला संच, पुस्तकांचा सेट, बंगळुरूचा सेट डोसा हे या दुसऱ्याच्या अंगणातले.

सेट-नेटच्या परीक्षेतला सेट यातला कुठलाच नाही. ती नुसती आद्याक्षरं.

या दुसऱ्या सेटचंही आपल्याकडे माणूस आहे. लॅटिनमधल्या मागोमाग जाण्याच्या धातूला संस्कृतात जोड आहे ‘सच्’ची, म्हणजे सोबत असणे, साथ देणे. त्यातून आला राजाचा सोबती, सचिव.

[दृश्य : गृहनिर्माण सोसायटीचा जिना. सूचनाफलक. कागदाचा एक कोपरा टाचणीतून सुटलेला.]

“सर्व सभासदांना कळविण्यात येते की, मंगळवारी पाणी येणार नाही.” सभासद म्हणजे सभेत बसणारा, तो पहिल्या सेटचा. आणि खाली सही आहे दुसऱ्याची : सचिव.