राहून गेलेली तोंडी परीक्षा

नमस्कार श्रोतेहो.

घटसर्प हा शब्द आपल्या आज्या-पणज्या ज्या धास्तीनं उच्चारायच्या, ती धास्ती आता उरली नाही. बाळ दीड महिन्याचं झालं की आरोग्य केंद्रात सुई टोचतात, बाळ एक रात्र किरकिरतं आणि विषय संपतो. त्या सुईत घटसर्पाची लस असते, हे पुष्कळ आयांना ठाऊकही नसतं. लस नव्हती तेव्हा मात्र पोराच्या घशात राखाडी पडदा चढायचा, श्वास घुसमटायचा. त्यातून वाचलं तरी जंतूचं विष हृदयाला नाहीतर नसांना गाठायचं.

१९३० च्या दशकात जर्मनीतही या रोगानं मुलं दगावत होती. हॅम्बुर्ग विद्यापीठात वैद्यक शिकणाऱ्या इंगेबोर्ग सिल्म या मुलीनं प्रबंधासाठी हाच रोग निवडला. आज मी बोलणार आहे तिच्याविषयी, आणि तिच्या आजोळाविषयी.

तिचा जन्म १९१२ चा, आफ्रिकेतल्या कॅमेरूनमधला. तेव्हा ती जर्मनीची वसाहत होती. वडील व्यापारी, आई पियानोवादक. मुलगी हॅम्बुर्गमध्ये वाढली, तीही प्रोटेस्टंट ख्रिस्ती वळणात. आजोळ ज्यू होतं, एवढंच. आपण ज्या घरी मे महिन्यात आंबे खायला जातो, त्या घरावरून कुणी आपली लायकी ठरवली तर कसं वाटेल? १९३५ च्या नोव्हेंबरात नाझी सरकारनं तेच लेखी नियम करून ठरवलं. तीन किंवा चार आजी-आजोबा ज्यू असतील तर माणूस ज्यू. दोन असतील तर ‘पहिल्या दर्जाचा मिशलिंग’. एक असेल तर दुसऱ्या दर्जाचा. मिशलिंग म्हणजे संकरित. आपण संकरित गाय म्हणतो ना, तोच अर्थ.

यातली गंमत, म्हणजे गंमत म्हणायला जीभ धजत नाही, ती अशी. घोष सगळा रक्ताचा, पण रक्ताच्या थेंबात धर्म शोधायची सोय कुठल्याच प्रयोगशाळेत नव्हती. मग काय करायचं? आजोबांचं नाव कुठल्या धर्मसंस्थेच्या वहीत आहे ते पाहायचं. म्हणजे विज्ञानाचा आव आणून शेवटी जुनी वहीच उघडायची. आणि हे मान्य करणाऱ्यांत डॉक्टर मंडळी मागे नव्हती. जर्मनीतले जवळजवळ निम्मे डॉक्टर पुढे नाझी पक्षाचे सभासद झाले.

पूर्ण ज्यू विद्यार्थ्यांचं शिक्षण १९३३ पासूनच आवळत आणलं होतं. त्या वर्षीच्या एप्रिलमधल्या कायद्यानं नव्या प्रवेशांत त्यांचा वाटा दीड टक्क्यावर आणून ठेवला. अर्ध्या ज्यूंना त्यातून सूट होती, म्हणून इंगेबोर्गला शिकता आलं. व्याख्यानांना बसता आलं, परीक्षा देता आल्या. पण तिच्या परीक्षेच्या कागदांवर पिवळा पट्टा असायचा. मला या पट्ट्याचा विचार सोडत नाही. आरडाओरडा नाही, मारहाण नाही. कुणीतरी कारकून सकाळी कामावर येतो, कागद पुढे ओढतो, पट्टा मारतो आणि दुपारी डबा खातो.

आता एक बारकावा सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आपल्याकडे एमबीबीएस झालं की पोरगी डॉक्टर झाली. जर्मनीत तसं नाही. तिथे सरकारी परीक्षा वेगळी आणि ‘डॉक्टर’ ही पदवी वेगळी. पदवीसाठी प्रबंध लिहावा लागतो आणि त्यावर तोंडी परीक्षा द्यावी लागते. सरकारी परीक्षा इंगेबोर्ग १९३७ मध्ये पास झाली. १९३८ मध्ये तिनं घटसर्पावरचा प्रबंध लिहून दिला. तोंडी परीक्षेला मात्र तिला बसू दिलं नाही. कारण वंश.

तिचे मार्गदर्शक होते रुडोल्फ डेगक्विट्झ, बालरोगाचे प्राध्यापक. त्यांनी तिला एक पत्र लिहून दिलं. आशय असा, की हा प्रबंध मी स्वीकारला असता, पण कुमारी सिल्म हिच्या वंशामुळे सध्याचे कायदे तिला पदवीसाठी प्रवेश देऊ देत नाहीत. या पत्राला काय म्हणावं? धाडस म्हणावं तर पदवी काही मिळाली नाही. हतबलता म्हणावी तर त्या दिवसांत एवढं कागदावर उतरवून सही करणारेही थोडेच होते. माणूसही सरळ रेषेतला नव्हता. १९२३ मध्ये म्युनिकला हिटलरनं बंडाचा डाव केला, तेव्हा हे त्यात सामील होते. पुढे मात्र राजवटीवर उघड टीका करू लागले, पकडले गेले आणि १९४४ मध्ये त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. युद्ध संपलं म्हणून सुटले.

इंगेबोर्ग ते पत्र घेऊन १९३८ मध्येच अमेरिकेला गेली. वेळेवर गेली म्हणायचं, कारण त्याच वर्षी ३० सप्टेंबरला जर्मनीतल्या ज्यू डॉक्टरांचे परवाने रद्द झाले. फार थोड्यांना काम करू दिलं, तेही फक्त ज्यू रुग्णांवर आणि ‘डॉक्टर’ न म्हणवता. अमेरिकेत तिच्या जर्मन शिक्षणावर भागेना. तिनं ४८ वैद्यकीय महाविद्यालयांकडे अर्ज केले आणि एकानं घेतलं. ते फिलाडेल्फियाचं स्त्रियांचं वैद्यकीय महाविद्यालय. तिथे ती एम.डी. झाली. सिनसिनाटीच्या बालरुग्णालयात तिला मित्या रापोपोर्ट भेटले. ते व्हिएन्नाहून आलेले ज्यू जीवरसायनशास्त्रज्ञ, रक्त जास्त दिवस टिकवण्याच्या पद्धतीवर काम करणारे. दोघांनी १९४६ मध्ये लग्न केलं.

इथे सुखाचा शेवट व्हायला हरकत नव्हती. पण दोघेही कम्युनिस्ट, आणि अमेरिकेत कम्युनिस्टांची धरपकड सुरू झाली. १९५० मध्ये पुन्हा बोजा-बिस्तरा, चौथं मूल पोटात. व्हिएन्नात काही जमलं नाही. १९५२ मध्ये ते पूर्व बर्लिनला गेले. तिथल्या राजवटीनं पुढे भिंत बांधली, माणसं कोंडली, आणि इंगेबोर्गची त्या राज्यावरची निष्ठा सगळ्यांना पटेल अशी नाही. तिचं काम मात्र वादापलीकडचं. शारिटे रुग्णालयात १९६९ मध्ये तिला नवजात बालकांच्या वैद्यकाचं अध्यासन मिळालं. जर्मनीतलं ते पहिलं.

श्रोतेहो, आता तिला ‘ती’ म्हणणं थांबवायला हवं. इंगेबोर्गबाई शंभरी ओलांडून गेल्या होत्या. त्यांचे चिरंजीव टॉम रापोपोर्ट हार्वर्डला प्राध्यापक आहेत. त्यांच्यामार्फत त्या जुन्या पत्राची गोष्ट हॅम्बुर्गच्या वैद्यकीय विद्याशाखेचे अधिष्ठाता उवे कॉख-ग्रोमुस यांच्या कानावर गेली. शाल-श्रीफळ देऊन मोकळं होणं सोपं होतं. शंभरीच्या माणसाला मानद पदवी द्यायची, हार घालायचा, फोटो काढायचा, हे कुठल्याही विद्यापीठाला जमतं. पण त्यांच्याकडून काढून घेतली होती ती परीक्षा. मग परीक्षाच घ्यायला हवी होती, आणि ती घेतली, ही गोष्ट मला फार आवडते.

प्रबंधाची मूळ प्रत कुठे सापडली नाही. बाईंना जवळजवळ दिसत नव्हतं. म्हणून मित्रमंडळी इंटरनेटवर शोधून घटसर्पाचं नवं संशोधन त्यांना फोनवरून वाचून दाखवायची. मधल्या पाऊणशे वर्षांत त्या रोगाबद्दल जे जे कळलं, ते सगळं ऐकून लक्षात ठेवायचं. तुमच्या-माझ्यासारख्याला कालची किराण्याची यादी आठवत नाही.

१३ मे २०१५ रोजी अधिष्ठाता आणि आणखी दोन प्राध्यापक बर्लिनला त्यांच्या घरी आले. दिवाणखान्यात बसून पाऊण तास प्रश्नोत्तरं झाली. वयाकडे बघून गुण दिले नाहीत, बाई खरोखरच हुशार निघाल्या, असं अधिष्ठात्यांनी नंतर सांगितलं. ९ जूनला हॅम्बुर्गमध्ये पदवी हातात आली. १०२ वर्षांच्या विद्यार्थिनीला डॉक्टरेट, ही बातमी जगभर गेली.

पत्रकारांनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, मला स्वतःला या पदवीचं काही नाही. ज्यांना माझ्यासारखं अडवलं, आणि ज्यांचं माझ्याहून कितीतरी वाईट झालं, त्यांच्यासाठी मी परीक्षेला बसले. आणि १०२ व्या वर्षी अभ्यास करणं काही सोपं नव्हतं, हेही बोलून गेल्या.

मार्च २०१७ मध्ये, १०४ व्या वर्षी, डॉक्टर इंगेबोर्ग रापोपोर्ट बर्लिनमध्ये वारल्या. नमस्कार.