मीठ, पाकीट आणि पाच मिनिटं मागे पडलेलं घड्याळ

व्हेनिसमधली रात्र. एक माणूस दारातला कचरा उचलतो, कालव्यातल्या नावेत ओततो आणि गात गात वल्हवत निघतो. 'ट्रबल इन पॅरडाइज' या १९३२ सालच्या चित्रपटाची ही सुरुवात. दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिच.

जवळच्याच हॉटेलात गॅस्टन आणि लिली जेवायला बसलेत. तो बॅरन म्हणवतो, ती काउंटेस. दोघंही सराईत चोर.

लिली शांतपणे सांगते की तुम्ही चोर आहात, आणि त्याच सुरात मीठ मागते. तो मीठ देतो, मिरपूड हवी का तेही विचारतो. मग हाच आरोप तो तिच्यावर करतो. उठतो, दाराला कुलूप लावतो, पडदे ओढतो आणि तिला धरून गदागदा हलवतो. तिने त्याच्या खिशातून मारलेलं पाकीट जमिनीवर पडतं. ते उचलून तो पुन्हा जेवायला बसतो.

आता एकमेकांकडून मारलेल्या वस्तूंचा क्रम नीट बघा. पाकीट त्याच्या कोटातलं. मग ब्रोच, तो तिच्या कपड्यांवरचा. मग त्याचं घड्याळ; पाच मिनिटं मागे होतं, तिने परत देण्याआधी लावून ठेवलंय. शेवटी तिच्या पायातला मोज्याचा पट्टा, जो तो परत करतच नाही. ती थेट त्याच्या गळ्यात पडते.

यातली एकही चोरी कॅमेऱ्याने दाखवलेली नाही. दिसतं ते फक्त परत करणं. खिशात शिरणारा हात दिसला असता, तर आपल्याला आधीच सगळं कळलं असतं आणि लिलीचा चेहरा बघण्यात काही उरलं नसतं. संपूर्ण चित्रपटातली सर्वांत सुंदर जागा ही.

पुढे पॅरिस. सव्वा लाख फ्रँकची पर्स चोरायची, वीस हजारांचं बक्षीस घेऊन परत द्यायची. परत देताना गॅस्टन अत्तराच्या कंपनीची मालकीण मारिएत हिचा सेक्रेटरी होतो, आणि हळूहळू तिच्यात गुंततो. एका संध्याकाळी पडद्यावर नुसती घड्याळं दिसतात, माणसांचे फक्त आवाज. बोलपट नवा असताना केलेलं हे धाडस!

मारिएतला लुटण्याचा बेत फसतो तो राखदाणीमुळे. व्हेनिसमध्ये गॅस्टनने लुटलेला फिलिबा सिगरेट विझवायला जातो, राखदाणी गोंडोलाच्या आकाराची निघते आणि चोराचा चेहरा त्याला आठवतो.

गॅस्टन आणि लिलीचं लग्न झालेलं नाही. नातं मात्र मुरलेल्या संसारासारखं. दोघांना शिक्षाही होत नाही. १९३४ पासून पडद्यावर काय दाखवावं याची हॉलिवूडची आचारसंहिता कडक झाली आणि पुढच्याच वर्षी या चित्रपटाला पुन्हा प्रदर्शनाची परवानगी नाकारली गेली. कित्येक वर्षं तो लोकांना दिसलाच नाही.

शेवट टॅक्सीत. गॅस्टन लिलीसाठी आणलेली मोत्यांची माळ काढायला खिशात हात घालतो. खिसा रिकामा. माळ तिच्याकडे. मग ती मारिएतकडून चोरलेल्या नोटा शोधते, त्या त्याच्याकडे.